केरोबाने आळी वाजवली

एका महानगराच्या शेजारी साळवणपूर नावाचे एक शहर होते. तिथली बहुतेक माणसे सकाळी महानगरात कामाला जात आणि संध्याकाळी परत येत. शहराच्या मधोमध तांबट आळी होती. दोन्ही बाजूंना मिळून बासष्ट घरे. खाली दुकान, वर बिऱ्हाड. कधी काळी तिथे दिवसभर तांब्यापितळेची भांडी घडत. शंभर हातोडे एकदम चालत. तो आवाज ओढ्यापलीकडच्या शेतांत ऐकू जाई.

या आळीचा एक रिवाज होता. मोडीत आलेले जुने भांडे थेट भट्टीत टाकायचे नाही. आधी ते दोरीला टांगायचे, लाकडी हातोडीने एकदाच ठोकायचे आणि ऐकायचे. खणखणीत वाजले, तर फुटक्या जागी धातूचा डाग देऊन, कल्हई करून त्याला पुन्हा संसारात पाठवायचे. बद्द वाजले, तरच भट्टी.

पण शंभर हातोड्यांच्या गदारोळात एका भांड्याचा आवाज ऐकू कसा येणार? म्हणून ज्याला ऐकायचे असेल तो मोठ्याने ओरडे, "कान!" त्या क्षणी आळी थांबे. उगारलेला हातोडा हवेतच राही. कुणाच्या तरी एका जुन्या घागरीसाठी शंभर माणसे श्वास रोखून उभी राहत.

मग स्टील आले, प्लास्टिक आले. एकेका दुकानाच्या फळ्या लागल्या, त्या पुन्हा निघाल्या नाहीत. भिंतींतून पिंपळ उगवले. चोरांनी खिडक्यांचे गज उपटून नेले. शहराचा कचरा तिथे येऊन पडू लागला. बासष्ट घरांत अकराच बिऱ्हाडे उरली. त्यांच्यात केरोबा तांबट आणि त्याची बायको गोदूबाई होती. ज्या घरात केरोबा जन्मला, त्याच घरात त्याचे केस पांढरे झाले होते.

शहराने वसुमतीताईंना नगराध्यक्ष म्हणून निवडून दिले. बाई सचोटीच्या होत्या. मनात आणलेले काम तडीस नेणाऱ्या होत्या. त्यांनी भर सभेत शब्द दिला होता, "वर्षाच्या आत ही ओसाड आळी उरणार नाही. तिथे नवे, उजळ शहर उभे राहील."

त्यांनी धुमाळ नावाच्या इंजिनियरला पाहणीसाठी पाठवले. धुमाळ एका दुपारी आळीच्या या टोकाकडून त्या टोकाला गेले आणि त्यांनी बासष्टच्या बासष्ट दारांवर धोक्याची लाल फुली मारली. गोदूबाईला वाटले, नगरपालिकेने काही शुभ चिन्ह काढले आहे. तिने फुलीला हळदकुंकू वाहिले.

ठरल्या दिवशी पाडकामाचे यंत्र आले. बघायला निम्मे शहर लोटले. यंत्र घरघरू लागले आणि केरोबा लाकडी हातोडी घेऊन त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

वसुमतीताई पुढे आल्या. "केरोबा, बाजूला व्हा बघू. नव्या इमारतीत तुम्हाला घर मिळणार आहे. लेखी दिलंय मी."

"मिळेल हो ताई. तुमच्या शब्दावर शंका नाही," केरोबा म्हणाला. "पण तुम्ही वाजवून बघितलं का?"

"काय वाजवून?"

"आळी."

लोक हसले. धुमाळही हसले. "अहो काका, ही इमारत आहे. घागर नाही."

"साहेब, घागर मी घडवली, भिंत माझ्या आज्याने घडवली. आतून पोखरल्या, की दोघी एकच बोलतात."

आता सगळे वसुमतीताईंकडे पाहू लागले. यंत्र तयार होते. दिलेला शब्द होता. माघार घेतली तर उद्या चौकाचौकात हसे होणार होते. त्यांनी धुमाळांना हळूच विचारले, "तुम्ही आत जाऊन पाहिलं होतंत?"

धुमाळांनी बुटांकडे पाहिले. "बाहेरून सगळी सारखीच दिसत होती, ताई."

वसुमतीताई यंत्रवाल्याकडे वळून म्हणाल्या, "बंद करा ते."

केरोबा पहिल्या घराच्या भिंतीशी गेला. त्याने मान वर केली आणि कित्येक वर्षांत आळीने ऐकली नव्हती ती हाक दिली.

"कान!"

आणि काय सांगावे! आधी आळीतली म्हातारी माणसे थांबली. त्यांचे बघून पोरे थांबली. रिक्षावाल्यांनी इंजिने बंद केली. भाजीवाल्यांची ओरड थांबली. जिथे एकमेकांचे बोलणे ऐकू येत नव्हते, तिथे पिंपळाच्या पानांची सळसळ ऐकू येऊ लागली. हजारो माणसे, आणि सगळ्यांचे लक्ष एका भिंतीकडे! ज्या आळीकडे शहराने इतकी वर्षे पाहिलेसुद्धा नव्हते, तिचे म्हणणे ऐकायला शहर उभे होते.

केरोबाने हातोडी मारली. भिंतीतून भरीव, घुमणारा नाद उठला आणि लाकडी खांबांतून वर माडीपर्यंत चढत गेला. लोकांच्या अंगावर काटा आला.

"खणखणीत," केरोबा म्हणाला. "वरचं छप्पर गेलंय. बाकी शंभर वर्षं उभी राहील."

पुढचे घर. पुन्हा हाक, पुन्हा शांतता, पुन्हा एक ठोका. या वेळी आवाज उठलाच नाही. ओल्या मातीवर धोंडा पडावा तसा जागीच विरला.

"बद्द. पाडा."

धुमाळांचा विश्वास बसेना. त्यांनी दोन्ही भिंतींना भोके पाडून पाहिले. पहिलीत दगड-चुना घट्ट बसलेला होता. दुसरीतून वाळवीचा भुगा भळाभळा सांडला. त्यांनी आणखी तीन भिंती तपासल्या. केरोबाचा कान एकदाही चुकला नाही. दुपार कलली तेव्हा धुमाळ पायांतले बूट काढून केरोबाच्या मागे चालत होते आणि स्वतःच ओरडत होते, "कान!"

एकसष्ट घरे झाली. राहिले शेवटचे, केरोबाचे. वरच्या खिडकीत गोदूबाई उभी होती. तिने मघाशीच चहाचे आधण ठेवले होते.

शेजारचा हुसेनभाई कल्हईवाला केरोबाच्या कानाशी लागला. "केरोबा, आवाज तुलाच कळतो. कसाही येऊ दे, खणखणीत म्हण. इंजिनियर आता तुझं काही तपासायचा नाही."

हे खरे होते. धुमाळांनी तासाभरापूर्वीच भोके पाडायचे बंद केले होते.

केरोबाने या वेळी हाक दिली नाही. द्यावी लागली नाही. आळी आपणहून थांबली होती. त्याने ठोका मारला आणि डोळे मिटले. थोडे सरकून दुसरा मारला. मग हातोडी खाली ठेवून हात भिंतीवर फिरवला. त्याच भिंतीवर त्याच्या उंचीच्या लहानपणीच्या रेघा होत्या.

"बद्द," तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता, की मागच्यांना ऐकू गेला नाही. म्हणून त्याने पुन्हा, मोठ्याने सांगितले, "बद्द आहे. पाडा."

कुणी हलले नाही. वसुमतीताईंचे डोळे भरून आले. तेवढ्यात खिडकीतून गोदूबाई म्हणाली, "चाळीस वर्षं माझं एक ऐकलं नाहीत. आज भिंतीचं बरं ऐकलंत!" मग पदराने डोळे पुसत तिने विचारले, "चहा पिऊन मग पाडा म्हणावं. चालेल का?"

आळीत हसू फुटले आणि रडूही.

त्या दिवशी एकोणचाळीस घरे खणखणीत निघाली, तेवीस बद्द. वसुमतीताईंनी लोकांसमोर सांगितले, "मी आळीचं न ऐकताच तिला शिक्षा दिली होती. चूक माझी." त्यांनी सगळी आळी पाडण्याचा हुकूम तिथल्या तिथे फाडला. बद्द घरे उतरवली. त्यांचे चांगले दगड आणि खांब वेगळे रचून ठेवले. खणखणीत घरांवर नवी छपरे चढली. मोकळ्या झालेल्या जागी नवी घरे, एक दवाखाना आणि मधोमध चौक झाला. फळ्या निघाल्या. कुठे सुतार आला, कुठे शिंपी, कुठे पुस्तकांचे दुकान. दोनदा पावसाळा येऊन गेला आणि ओसाड आळीत संध्याकाळी पाय ठेवायला जागा मिळेना. जुने आणि नवे खांद्याला खांदा लावून उभे होते. परगावची माणसे येत, तोंडात बोट घालून बघत राहत.

सगळ्यांत शेवटी केरोबाचे घर बांधून झाले. त्याच जागी, त्याच दगडांचे. वसुमतीताईंनी लाकडी हातोडी आणून त्याच्या हातात दिली. मग त्याच ओरडल्या, "कान!"

सुताराची करवत थांबली. शिंप्याचे यंत्र थांबले. चौकातली मुले लगोरीचा चेंडू हातात धरून उभी राहिली.

केरोबाने ठोका मारला. नाद उठला. त्याने गोदूबाईकडे पाहिले. "आता तू सांग. आज तुझं ऐकतो."

गोदूबाईने भिंतीवर तळवा ठेवला. नाद अजून तिच्या हाताला लागत होता.

"खणखणीत," ती म्हणाली.

आणि थांबलेली सगळी आळी एकदम वाजू लागली.

तात्पर्य: उजाड दिसते म्हणून सगळे मोडू नये आणि आपले आहे म्हणून सगळे राखू नये. आधी थांबून, नीट ऐकून पारख करावी. आणि ती खरी पारख आपल्या स्वतःच्या घरालाही लावावी.