गावाचा कोट आणि तांबडं ठिगळ

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात माणसं पुष्कळ होती, पण कोट एकच होता. काळा, लांब, कोणी शिवला ते कोणालाच आठवत नव्हतं. देवळाशेजारी गुरवाच्या घरात तो खुंटीला टांगलेला असे. कोणाला कचेरीत जायचं असलं, कोणाला मुलगी बघायला जायचं असलं, की गुरवाच्या बायकोकडे, चंद्राकाकूंकडे, तो मागायचा आणि जसा नेला तसा आणून द्यायचा. गावाची सगळी अब्रू त्या एका कोटात होती म्हणा ना!

एकदा भिवा नावाचा तरुण तो कोट घालून तालुक्याला गेला. परतताना वाटेत करवंदं दिसली. कोट काढून ठेवावा एवढं भान कुठलं? कोटासकट तो जाळीत शिरला. करवंदं पोटात गेली आणि कोटाचं कोपर काट्याला अडकून फाटलं.

भिवानं जन्मात सुई धरली नव्हती. तरी त्यानं कोटाच्या आतल्या खिशाचा काळा तुकडा कापला. अगदी भोकाएवढाच कापला, म्हणजे कोणाला दिसायला नको. दोरा ओढून ओढून घट्ट टाके घातले. लांबून पाहिलं तर काही कळत नव्हतं. स्वारी स्वतःवरच खूश झाली आणि कोट गुपचूप परत देऊन आली.

पुढची पाळी लखूची होती. लखू भिवाचा जिवलग मित्र. शेजारच्या गावातली यमुना त्याला बाजारात दिसली होती आणि मनात भरली होती. आता तो रीतसर तिला बघायला गेला. पोह्यांची बशी घ्यायला त्यानं हात पुढे केला आणि बाही कोपरापासून पार दंडापर्यंत टरकन फाटली. पोरंटोरं खिदळली. यमुनेचे वडील मात्र हसले नाहीत. "कळवतो," एवढंच म्हणाले. मुलीकडच्यांच्या 'कळवतो'चा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही.

लखू गावात परतला तेव्हा देवळापुढे माणसं जमली. "एक कोट सांभाळता येईना, ह्यो बायकू काय सांभाळणार?" एकानं टोमणा मारला. लखू मान खाली घालून ऐकत राहिला. भिवा तिथेच उभा होता. तो गप्प बसला असता तर कोणाला काही कळलं नसतं. पण मित्राचं तोंड पाहून तो पुढे झाला.

"लखूनं न्हाई फाडला," तो म्हणाला. "म्या फाडला. आन् फाटलेलं लपिवलं."

चंद्राकाकूंनी कोट त्याच्यापुढे टाकला आणि हातात सुई दिली. "भोकाएवढंच ठिगळ लावलंस व्हय रं? भोकाच्या कडंचं कापड आधीच विरलेलं असतंय. त्यात टाका टिकंल कसा? धड कापड लागंस्तवर ठिगळ मोठं घे. आन् दोरा वढू नगंस."

"मोठं घेतलं तर दिसंल की, काकू."

"दिसू दे."

घरात काळं कापड नव्हतं. जुन्या खणाचा तांबडा तुकडा होता आणि पांढरा दोरा होता. भिवा शिवत बसला. बोटाला सुई टोचली, टाके वाकडे पडले, एकूण एक टाका जोंधळ्याच्या दाण्यासारखा उठून दिसायला लागला. पण बाही कितीही ओढली तरी ठिगळ जागचं हललं नाही.

तोच कोट अंगात घालून भिवा लखूला घेऊन यमुनेच्या घरी गेला. त्याला पाहून पोरं पुन्हा हसली. भिवाची कानशिलं तापली, तरी त्यानं हात वर करून ठिगळ सगळ्यांना दाखवलं.

"चूक माझी हुती, आबा," तो यमुनेच्या वडलांना म्हणाला. "म्या ती लपिवली, म्हणून तुमच्या म्होरं बाही फाटली. लखूला दोष देऊ नगा."

तेवढ्यात दाराआडून यमुनेचा आवाज आला. "आबा, ज्याच्यापायी त्याचा मैतर सोताची लाज बाहीवर मिरवत डोंगर उतरून येतो, त्यो माणूस वंगाळ नसंल."

आबांनी लखूला हाताला धरून जवळ बसवलं. मग आत वळून म्हणाले, "साखर आणा."

तात्पर्य: लपवलेली चूक दुसऱ्याच्या अंगावर फाटते, उघडपणे सांधलेली चूक दिसते खरी, पण कापडही टिकवते आणि माणसंही.