पाणी सोडणाऱ्याचं घर

"…ते सगळं राहू दे बाबा. मला ठेवून घेणार की नाही, तेवढं एक सांगा."

असं म्हणून काशिनाथ उबाळेनं खांद्यावरची लांब दांड्याची लोखंडी चावी धाडकन बाबांच्या पायाशी टाकली. एवढा आवाज झाला की मठाच्या पत्र्यावरची सगळी कबुतरं उडाली.

बाबा मेथी निवडत होते. त्यांनी फक्त पाय मागे घेतला.

"बोट गेलं असतं माझं."

"चुकलं, बाबा."

"हं."

आता हा काशिनाथ म्हणजे चिंचवेलचा पाणी सोडणारा. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी जमिनीत व्हॉल्व्ह असतो ना, त्यात चावी घालायची, फिरवायची, पाणी सोडायचं. मग सायकल हाणत पुढची गल्ली, तिथून तिसरी, मधेच पहिली बंद करायला परत. पहाटे पावणेसहाला सुरू, ते दुपारी एकपर्यंत. जेवलं की लोकांच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायच्या, दिवेलागण होईस्तोवर. पोरीचं शिक्षण, मुलाची नोकरी, वरची खोली, सगळं त्यातनंच झालं.

तेवीस वर्षं! आणि खाडा? एकही नाही. म्हणजे अक्षरशः एकही नाही. पोरीच्या लग्नादिवशीसुद्धा गडी कुंभारवेशीचं पाणी सोडून मग मांडवात आला. डोक्याला फेटा आणि पँट गुडघ्यापर्यंत ओली. वरबाप बघतच राहिला.

"कंटाळलास?" बाबांनी विचारलं.

"कंटाळलो."

"गावाला?"

"गावाला नाही, घराला." काशिनाथ खाली बसला. "पहाटे निघतो तेव्हा सगळी झोपलेली. परत येतो तेव्हा ताट झाकलेलं. संध्याकाळी सगळी टीव्हीसमोर. मी आलो काय, गेलो काय… बाबा, माझी कुणी वाट बघतंय असं मला एकदा तरी वाटायला पाहिजे. माणसं नाही बघत वाट, तर देव तरी बघू दे."

बाबांनी एक काडी मोडली.

"बरं. सोडतोस म्हणतोस ना? काय काय सोडतोस, सांग."

"घर. बायको. मुलगा, सून."

"हां. तुझ्या घरी पाणी येतं तेव्हा काय होतं?"

काशिनाथ एकदम खुलला. हा तर त्याचा हातखंडा विषय! "पहिली आमचीच गल्ली. पावणेसहाला सोडतो. डावीकडे साडेअकरा फेरे. प्रेशर चांगलं असतं. साडेसहाला बंद."

"ते नळाचं झालं. घरात काय होतं?"

"घरात…? पाणी भरतात."

"कोण?"

"हीच असणार."

"असणार?"

काशिनाथ चावीवरची माती नखानं खरवडायला लागला.

कारण त्याला ठाऊकच नव्हतं! आपल्या गल्लीचा व्हॉल्व्ह सोडला की तो तसाच सायकलवर बसून गावाच्या दुसऱ्या टोकाला, कुंभारवेशीला जायचा. परत यायचा तेव्हा ड्रम काठोकाठ भरलेला आणि अंगण वाळून गेलेलं. अख्ख्या गावाच्या नळाला पाणी येताना त्यानं बघितलं होतं. फक्त स्वतःच्या घरचा नळ…

"तेवीस वर्षांत एकदाही नाही?"

"कसं बघणार, बाबा? मी तिथं असलो तर पाणी सोडणार कोण?"

"मग न बघितलेलं काय सोडतोयस तू?"

काशिनाथला राग आला. खरंच आला. "तुम्ही नाही का सोडलंत घर?"

"सोडलं की."

"मग?"

बाबांनी मेथीची पानं ताटलीत सारली. बराच वेळ सारत राहिले.

"चाळीस वर्षं झाली," ते म्हणाले. "अजून सोडतोच आहे."

पत्र्यावर कबुतरं परत येऊन बसली.

मग बाबांनी हात पुढे केला.

"दे ती चावी."

"तुम्हाला?"

"का? साधूला फेरे मोजता येत नाहीत? उद्या तुझ्या गल्लीचं मी सोडतो. तू घरी बस."

"आणि कुंभारवेस?"

"कुंभारवेशीला दहा मिनिटं तहान लागू दे."

"बाबा, तेवीस वर्षांत एक मिनिट इकडचं तिकडं नाही झालं माझं!"

"हो, ते दिसतंयच. दे."

चावी देताना काशिनाथचा हात कसा जड झाला होता, विचारू नका. संन्यास घ्यायला आलेला माणूस, पण एका लोखंडाच्या दांड्यात जीव अडकलेला! "सावकाश फिरवा हं बाबा," तो चार वेळा म्हणाला, "जुनी लाइन आहे, झटका दिलात तर फुटते."

"तू जा आता."

दुसऱ्या दिवशी, नुकतं फटफटत होतं तेव्हा, अनसूया उठून अंगणात आली आणि दचकलीच. नवरा ओट्यावर बसलेला!

"अहो! काय झालं? ताप आहे का?" तिनं आधी कपाळाला हात लावला. कपाळ गार. "काढलं का काय नोकरीवरून?"

"नाही गं. आज जरा उशिरा जाणार."

"उशिरा? तुम्ही?"

ती दोन-तीनदा वळून बघत कामाला लागली. काशिनाथ मात्र बघत राहिला. तिनं ड्रमावरचं झाकण काढलं, घागरी ओळीनं मांडल्या, कळश्या विसळल्या. नळ उघडाच ठेवलेला, पाणी आलेलं कळावं म्हणून. मग ती आत गेली. बाहेर आली तेव्हा केस विंचरलेले, कपाळाला ताजं कुंकू. एवढ्या पहाटे, पाणी भरायला कुंकू?

मग ती नळाजवळच्या दगडावर बसली. हात मांडीवर. तोंड नळाकडे.

पावणेसहा झाले. नळ गप्प.

पावणेसहा होऊन दोन मिनिटं झाली. काशिनाथला घाम फुटला. म्हातारा विसरला की काय? उलटा तर नाही ना फिरवला?

भिंतीपलीकडून हिराकाकूंचा आवाज आला. "अनसूया, आज कसे नाही आले गं तुमचे हे अजून?"

काशिनाथ ओट्यावर ताठ झाला. मी? मी तर इथं बसलोय!

"येतील हो काकू," अनसूया नळावरची नजर न काढता म्हणाली. "कधी चुकलेत का?"

आणि तेवढ्यात नळ खाकरला. आधी नुसतं वारं, खुर्रर… मग दोन पिचकाऱ्या गढूळ, मग जाड धार. अनसूया अशी उठली, अशी, की जणू दारात पाहुणा आलाय. पदर सावरला तिनं! आणि भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं ओरडली,

"काकू, आले हो आमचे हे!"

"आले एकदाचे! उशीर का केला विचार. रात्री भांडलात का काय?"

"काय माहीत," अनसूया हसली. तिनं वाकून पहिली ओंजळ धरली, डोळ्यांना लावली, आणि नळाला, म्हणजे खरंच त्या गंजलेल्या नळाला, हळूच विचारलं, "दमलात का हो?"

मग तिला आठवलं, मागं ओट्यावर कुणीतरी बसलंय.

जीभच चावली तिनं.

"पाणी आलं की तुम्ही आलात, असंच म्हणतात हो सगळ्या," ती घागर नळाखाली सरकवत पुटपुटली. "गल्लीत."

"कधीपासून?"

"तुमची नोकरीची ऑर्डर आली तेव्हापासून."

काशिनाथ उठला, काहीतरी करावं म्हणून भरलेली घागर उचलायला गेला. निम्मी सांडली, अनसूयाच्या पायावर.

"सरका बघू तिकडं! मधे मधे येताय नुसते. तुम्हाला जमायचं नाही ते. आणि कुंभारवेस तहानेली असेल तिकडं, जा की!"

तसाच अनवाणी पळत सुटला तो, गल्लीच्या तोंडाकडे.

बाबा व्हॉल्व्हच्या खड्ड्याजवळ गुडघे टेकून बसले होते. चावी अजून आतच. चावीच्या दांड्याला कान लावला की जमिनीखालून पळणारं पाणी ऐकू येतं, घराघरापाशी वळतं तेसुद्धा. हे कुणी त्यांना शिकवलं नव्हतं. पण त्यांचा कान दांड्याला चिकटलेला होता आणि डोळे मिटलेले.

"बाबा!" काशिनाथला धाप लागली होती. "बाबा, ती वाट बघते हो! रोज बघते! कुंकू लावून बसते, पदर सावरते… आणि मी समोर बसलोय तर माझ्याकडं पाठ, हसतेय त्या नळाकडं बघून!"

बाबांनी कान दांड्याला आणखी दाबला.

"आता मी काय करू ते सांगा. घरी थांबलो, तर ती ज्याची वाट बघते तो मी नाही. आणि इथं उभा राहिलो, तर तिचं ते हसणं मला कधी दिसायचं नाही. जन्मभर नाही! मग मी जायचं तरी कुठं?"

गल्लीत सगळीकडे घागरी वाजत होत्या. कुणाच्या तरी घरी गडूभर पाणी दारात शिंपडल्याचा आवाज आला.

बाबांच्या पांढऱ्या दाढीवरून एक थेंब ओघळला आणि चावीवर पडला.

"बाबा…? चावी द्या. कुंभारवेस…"

बाबांनी डोळे न उघडता एक बोट वर केलं.

"श्शू… आत्ता कुठं घरात शिरतोय मी."