दोन्ही जागा सारख्याच

कातळपूर नगरपरिषदेकडे यंदा एकाच बसथांब्यावर निवारा बांधण्यापुरता निधी होता. सरकारी दवाखान्याच्या दारात आजारी माणसं भर उन्हात बसची वाट पाहत ताटकळायची, म्हणून नगरसेविका कुंदाताई शेलारांनी तिथली जागा सुचवली. नगराध्यक्ष अण्णासाहेब तावऱ्यांना मात्र निवारा स्वतःच्या नव्या व्यापारी संकुलासमोर हवा होता.

सभेत अण्णासाहेब हसत म्हणाले, "ताई, कशाला वाद घालता? दवाखाना आणि संकुल एकाच रस्त्यावर. चार पावलं इकडे काय नि तिकडे काय, काही फरक पडत नाही!"

कुंदाताईंना सकाळीच दवाखान्यासमोर दिसलेली, पायाला प्लास्टर घातलेली म्हातारी आठवली. राग गिळून त्यांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे तुमच्या मते दोन्ही जागा सारख्याच?"

"अगदी सारख्या! सगळ्यांसमोर सांगतो."

"मग प्रश्नच मिटला," कुंदाताई म्हणाल्या. "तुम्हाला फरक पडत नाही, आजारी माणसांना पडतो. निवारा दवाखान्यापाशीच होऊ द्या."

सभागृहात हशा पिकला. अण्णासाहेबांच्या पक्षाचे सदस्यही तोंडाला रुमाल लावून हसत होते. अण्णासाहेबांनी समोरचा पाण्याचा पेला एका दमात रिकामा केला आणि म्हणाले, "मंजूर."