फोन लावा, साहेब

आजारी सासूबाईंना त्यांच्याच गाडीतून दवाखान्यात नेताना कल्याणी झाडावर आदळली. दोघी वाचल्या, पण गाडीचा चुराडा झाला.

विमा कंपनीचे तामणेसाहेब मान वर न करताच गरजले, "भरपाई मिळणार नाही! गाडी सासूची. घरचं माणूस चालवत असेल तरच विमा. सून रक्ताची नसते, म्हणजे घरची नाही."

कल्याणीच्या अंगाची लाही लाही झाली. सासूबाईंचं दुखणंखुपणं, गूमूत तिनंच काढलं होतं. तिनं टेबलावरचा फोन त्यांच्यापुढे ढकलला.

"बायकोला लावा. म्हणावं, तू रक्ताची नाहीस, म्हणून घरची नाहीस. एवढं बोला, मी मुकाट जाते."

सगळं ऑफिस बघत राहिलं. साहेबांनी फोनला हातही लावला नाही.

"मंजूर," ते पुटपुटले.

"मोठ्यानं बोला," कल्याणी कडाडली, "मघाशी बोललात तसं!"