फाटलेल्या धोतराचा खटला

एका डोंगरावर एक नगर होतं आणि त्या नगराला एकच दरवाजा होता. दरवाजावर सटवाजी नावाचा पहारेकरी बसायचा. त्याच्या मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा, पण मनात काही नसायचं.

नगराची एक जुनी रीत होती. बाहेरून कोणी आलं की सटवाजी तीन प्रश्न विचारायचा. कुठून आलात, कोणाकडे आलात, कशासाठी आलात? मग नगरातलं कोणीतरी पुढे यायचं, पाहुण्याच्या खांद्यावर हात ठेवायचं आणि म्हणायचं, "हे आमचे." एवढं झालं की पाहुणा आत. ज्याच्या खांद्यावर हात ठेवायला कोणी येत नसे, त्याला सटवाजी पाणी पाजायचा, वाटेसाठी भाकरी द्यायचा आणि परत पाठवायचा.

एकदा भर दुपारी एक माणूस दरवाजा सोडून तटावर चढू लागला. त्याच्या पाठीला भलं मोठं पोतं होतं.

"अहो, दरवाजा इकडे आहे," सटवाजी खालून म्हणाला.

"माहीत आहे," असं म्हणून तो चढतच राहिला.

"पोत्यात काय आहे?"

"उशी आहे."

तेवढ्यात उशी आरवली.

सटवाजी धावला. हाताला लागलं ते त्यानं धरलं, आणि हाताला लागलं ते धोतर होतं. धोतर टर्रकन फाटलं. अर्धं सटवाजीच्या हातात राहिलं आणि उरलेल्या अर्ध्यासकट तो माणूस तटापलीकडे शेणाच्या ढिगात पडला. तिथून उठला तो थेट न्यायाधीशाकडे गेला.

न्यायाधीश माणूस वाईट नव्हता. पण कायद्याच्या पुस्तकातलं पान उघडल्याशिवाय तो पाणीही पीत नसे. पुस्तकात लिहिलं होतं की पाहुण्याच्या वस्त्राला जो पहारेकरी हात घालील, त्याला नगराबाहेर काढावं. हा नियम राजाच्या आजोबांनी केला होता, कारण त्यांच्या वेळचे पहारेकरी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या अंगावरच्या शाली उतरवून घ्यायचे. म्हणजे नियमात खोट नव्हती.

"पण साहेब, तो तटावरून येत होता," सटवाजी म्हणाला.

"तटाचं पान पुढे आहे. आधी धोतराचं पान."

"आणि पोत्यात कोंबडा आहे."

"कोंबड्याचं पान त्याच्याही पुढे आहे."

निकाल लागेपर्यंत सटवाजीनं घरी बसायचं, असं ठरलं. खटला हरला तर बायकोपोरांसकट नगर सोडायचं. फाटलेलं धोतर पुरावा म्हणून पेटीत गेलं. पोतंवाल्याला सरकारातून नवं धोतर मिळालं आणि धर्मशाळेत खोली मिळाली. तो साक्षीदार होता ना.

नगरात एकच गोंधळ उडाला. लोक चौकात जमले. ज्यानं दरवाजा राखला त्याला घरी बसवलं आणि जो तटावरून आला त्याला खोली दिली, याचा राग कुणालाही येईल, तसा त्यांनाही आला. किराणा दुकानाचा वाणी सगळ्यांत जास्त ओरडत होता. "बाहेरून आलेल्या एकूण एक माणसाला हाकला. आणि पहारेकऱ्याला यापुढे कोणी काही विचारायचं नाही." राजानं हे खिडकीतून ऐकलं, डोकं खाजवलं आणि खिडकी लावून घेतली.

दरवाजावर आता दुसरे दोन पहारेकरी बसले. त्यांनी सटवाजीचं काय झालं ते पाहिलं होतं. ते आपले दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसायचे आणि कोणी आलं की झाडावरचे पक्षी बघायचे.

मग काय विचारता. आधी एक दरवेशी अस्वल घेऊन आला. मग वाट चुकलेली एक वरात आली. हे आपलं गाव नव्हे, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं, पण जेवण चांगलं मिळत होतं म्हणून ती राहिली. एक कल्हईवाला आणि त्याची बायकोही आली. त्यांचं गाव पुरात वाहून गेलं होतं. कोणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, पण कोणी विचारलंच नाही. पाणवठ्यावर रांग लागायची, आणि त्या रांगेत कधीकधी अस्वल पुढे असायचं.

पंधरा दिवसांनी न्यायाधीश कचेरीतून घरी आला तर ओसरीवर सात माणसं लोळत होती. नवऱ्या मुलाचे मामा झोपाळ्यावर बसून त्याच्याच पानदानातलं पान खात होते. या गर्दीला कंटाळून न्यायाधीशाची बायको सकाळीच माहेरी गेली होती.

"कोण तुम्ही?" न्यायाधीशानं विचारलं.

"पाहुणे," मामा म्हणाले. "जरा चुना द्या."

न्यायाधीशानं पहारेकऱ्यांना बोलावलं. ते आले आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

"यांना बाहेर काढा."

"वस्त्राला हात लागेल, साहेब."

"वस्त्राला न लावता काढा."

"मग कुठे धरायचं तेवढं पुस्तकात बघून सांगा."

न्यायाधीशाचा पारा चढला. तो स्वतः पुढे झाला आणि मामांना ओढू लागला. मामा जागचे हलले नाहीत, पण त्यांचं उपरणं टर्रकन फाटलं. तुकडा न्यायाधीशाच्या हातात राहिला. त्याला फार लाज वाटली. तो तसाच राजवाड्यावर गेला आणि तो तुकडा त्यानं राजापुढे ठेवला.

राजानं सटवाजीला बोलावलं. मागोमाग सगळं नगर आलं.

"सटवाजी, तुझ्यावरचा खटला रद्द," राजा म्हणाला. "आणि आजपासून पहारेकऱ्याला कोणी काही विचारणार नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सटवाजीनं मात्र नाही म्हणून मान हलवली.

"महाराज, खटला राहू द्या. धोतर माझ्याच हातून फाटलं. पोतं धरायचं होतं, घाईत धोतर धरलं. विचारणारं कोणी नसेल तर माझ्यानंतर येणारा उद्या शाली उतरवील. माझं म्हणणं एवढंच की तटाचं पानही वाचा, आणि तोवर दरवाजा उघडा टाकू नका."

टाळ्या थांबल्या. वाण्याला तर हे अजिबात आवडलं नाही.

"आता आत कोण कसं आलंय ते कसं कळायचं?" राजानं विचारलं.

"सगळ्यांनी बाहेर जायचं आणि रीतीनं परत आत यायचं. सगळे म्हणजे सगळे."

अख्खं नगर दरवाजाबाहेर गेलं. पहिला राजा आला. कुठून आलात? राजवाड्यातून. कोणाकडे? राणीकडे. कशासाठी? जेवायला. राणीनं जरा विचार केला आणि मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

कल्हईवाल्याचे प्रश्न संपायच्या आधीच पंधरा बायकांचे हात पुढे आले. पंधराही जणींची भांडी चकचकीत झाली होती. दरवेशाच्या खांद्यावर हात ठेवला तो चक्क वाण्यानं. "अस्वल आल्यापासून माझ्या कोठारात चोर येत नाही," तो खाली बघत पुटपुटला. वरातीला कोणी आपलं म्हटलं नाही. तिला लाडू बांधून दिले आणि नवरीच्या गावची वाट दाखवली. नवरी पंधरा दिवस वाट बघत होती.

पोतंवाल्याचं पोतं पुन्हा आरवलं. त्याच्या खांद्यावर मात्र लगेच हात पडला. तो कोंबडा शोधत आलेल्या शेजारच्या गावच्या पाटलाचा होता. "हा आमचा," पाटील म्हणाला. "कोंबडाही आमचाच." आणि दोघंही निघाले.

शेवटी न्यायाधीश उरला. त्यानं तिन्ही प्रश्नांची उत्तरं नीट दिली. पण पुढे कोणी आलं नाही. कोणी आभाळाकडे बघत होतं, कोणी वहाणेतला खडा काढत होतं. बायको तर माहेरी. न्यायाधीशानं काखेतलं पुस्तक घट्ट धरलं.

सटवाजीनं रीतीप्रमाणे पाण्याचा तांब्या दिला. न्यायाधीश पाणी प्यायला. प्रथमच पान न उघडता प्यायला.

"भाकरीही दे, सटवाजी," तो हळू आवाजात म्हणाला. "रीत आहे."

सटवाजीनं काठी भिंतीला टेकवली, पुढे झाला आणि न्यायाधीशाच्या खांद्यावर हात ठेवला.

"हे आमचे," तो म्हणाला.

वाणी चिडला. "अरे, हे तुला नगराबाहेर काढायला निघाले होते."

"मग? मला विचारणारं आत कोणीतरी नको का?" सटवाजी म्हणाला. "चला साहेब. गुरुवारी तारीख आहे."

गुरुवारी न्यायाधीशानं धोतराचं, तटाचं आणि कोंबड्याचं अशी तिन्ही पानं एका दमात वाचली आणि सटवाजीला नगरातच ठेवलं. सटवाजीनं पोतंवाल्याला पाठवायला एक चांगलं धोतर आणून दिलं, कारण चूक ती चूकच. मग तो उठला आणि दरवाजावर जाऊन बसला.

घरी न्यायचं तात्पर्य एवढंच: राखणाऱ्याला जाब जरूर विचारावा, पण विचारताना त्याचे हात बांधू नयेत, आणि हात मोकळे सोडले म्हणून विचारणंही सोडू नये.