जाळीतलं शेवटचं फूल

शपथेवर सांगतो, गोष्ट अगदी खरी आहे. मी तिथे नव्हतो, एवढंच. फार पूर्वी समुद्रातल्या एका बेटावर एका जातीचं एकच झाड उरलं होतं. कोणी फूल तोडू नये म्हणून लोकांनी त्याला बारीक जाळी लावली. पुढे झाडाला फूल आलं, तेव्हा वाकड्या चोचीचा शिंजीर पक्षी जाळीवर येऊन बसला.

"आत ये ना रे," फूल म्हणालं. "तुझी चोच लागल्याशिवाय बी धरणार नाही, आणि उद्या मी गळणार."

"चोच पोचत नाही. फारच लाडकं तू त्यांचं."

तरी अंधार पडेपर्यंत तो जाळीशी झटत राहिला. सकाळी फूल गळलं.

यातला शिंजीर तेवढा मी रचला. असले पक्षी त्या बेटावर केव्हाच संपले होते. फूल एकटंच वाट पाहत होतं.