पेटी म्हणते, पोहोचला

"म्हणजे गवस सिस्टर खोटं बोलतात, असं म्हणायचंय तुला?"

"मी कुठे म्हणतोय, सर? पेटी म्हणते."

केळुसकर सरांनी हातातली सोल्डरिंगची गन स्टँडवर ठेवली. जरा जोरातच ठेवली.

मी बाकड्यावर बसलो होतो. मीही सरांचाच जुना विद्यार्थी, आयटीआयमधला. अजूनही घरचा मिक्सर बिघडला की कुडाळच्या बाजारात सरांच्या दुकानात आणून टाकतो. हसा हवं तर.

समोर उभा होता तो शार्दूल. सरांचा शेवटच्या तुकडीतला लाडका. पोराच्या हातात कसब होतं, नाही म्हणणार नाही. पण डोक्यात हवा किती!

त्याने एक पेटी बनवली होती. आत बॅटरी, छोटा कंट्रोलर बोर्ड, त्याला मोबाईलचं मॉड्यूल जोडलेलं, मॉड्यूलमध्ये सिमकार्ड. घाटाखालच्या आरोग्य केंद्रात लशींच्या फ्रिजमध्ये तिची तापमान मोजणारी वायर सोडलेली. फ्रिज तापला की पेटीने सिस्टरच्या फोनवर संदेश पाठवायचा. "आता सुट्टीच्या दिवशी फ्रिज बघायला यायची गरज नाही, पेटी सांगेल," असं यानेच सिस्टरना सांगितलं होतं.

सुट्टीत वीज गेली. फ्रिज तापला. लशी नासल्या. दुसऱ्या दिवशी पोरं काखेत घेऊन आलेल्या आया तशाच परत गेल्या.

सिस्टर म्हणाल्या, मला संदेश आलाच नाही. पेटीच्या स्क्रीनवर मात्र लिहिलं होतं, 'संदेश पोहोचला'. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी त्या स्क्रीनचा फोटो काढून घेतला. उद्या चौकशी. बाईंची नोकरी जाणार, हे आता बाजारातला पानवालासुद्धा सांगत होता.

"तुम्ही उद्या फक्त एवढंच सांगायचं, सर," शार्दूल म्हणाला. "की पेटी बरोबर आहे. तुमचा शब्द कोणी मोडणार नाही."

"आणि सिस्टर?"

"त्यांनी संदेश बघितला नसेल. नाहीतर पुसून टाकला असेल. माणसं काय, अंगावर आलं की काहीही बोलतात."

खरं सांगतो, मलाच उठून त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. वीस वर्षं पायवाटा तुडवून पोरांना लस टोचणारी बाई, आणि हा काल मिशी फुटलेला तिला खोटारडी ठरवतोय!

सरांनी हात पुढे केला.

"पेटी आण."

शार्दूलने पिशवीतून पेटी काढली. सरांनी झाकण उघडलं. आतलं काम बघून क्षणभर त्यांच्या डोळ्यांत कौतुक आलं. ते मी पाहिलं, शार्दूलनेही पाहिलं. तो हसला.

मग सरांनी नखाने मॉड्यूलमधलं सिमकार्ड बाहेर ओढलं आणि शार्दूलच्या तळहातावर ठेवलं.

"मूठ मिट."

"सर, हे..."

"मिट म्हणतो ना!"

त्याने मूठ मिटली. सरांनी पेटी चालू केली, वायर उचलली आणि तिचं टोक स्वतःच्या मुठीत धरलं. स्क्रीनवरचा आकडा चढायला लागला.

"सर, सिमच नाही तर संदेश जाणार कसा?"

"गप्प उभा राहा."

आकडा चढत राहिला...

पेटीने एकदा पिक् केलं. स्क्रीनवर अक्षरं उमटली. संदेश पोहोचला.

...

"कुणाला पोहोचला रे?" सर म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तुझ्या मुठीला?"

शार्दूलने मूठ उघडून सिमकडे पाहिलं.

"मॉड्यूल उत्तर देतं, सर," तो पुटपुटला. "गेला की नाही गेला, ते सांगतं. मी ते... वाचत नाही. संदेश पाठव म्हणतो, थोडा वेळ थांबतो आणि पोहोचला असं लिहितो."

"का?"

"घरी टेबलावर प्रत्येक वेळी जायचाच, सर."

"तुझ्या घराच्या डोक्यावर टॉवर आहे, मेल्या!" आता मात्र सर कडाडले. शेजारचा टेलर मशीन थांबवून बघायला लागला. "तिथे घाटाखाली फोनला रेंजची एक रेघ दिसायला झाडावर चढावं लागतं. न बघता लिहून मोकळा झालास! आणि त्या लिहिण्यावर एका बाईच्या पोटावर पाय द्यायला निघालास! वर मलाही साक्षीला नेतोस? लाज कशी वाटली नाही रे तुला?"

"चुकलं, सर. दोन ओळींचं काम आहे, आत्ता करून देतो."

"पेटीचं मरू दे!"

"पण चौकशीत हे सांगितलं तर माझं काम जाईल, सर. बाकीच्या केंद्रांतही हीच पेटी बसायची आहे."

"जाऊ दे."

"सर..."

"जाऊ दे म्हणालो. फोन लाव त्यांना. आत्ता. माझ्यासमोर."

शार्दूलने फोन काढला. नंबर लावताना बोट दोनदा चुकलं. मला तेव्हाही त्याची दया आली नाही. पलीकडे रिंग वाजत राहिली. मग फोन उचलल्याचा आवाज आला.

"सिस्टर, मी शार्दूल बोलतोय, पेटीवाला. चूक पेटीची आहे, म्हणजे माझीच आहे, तुमची काही नाही. उद्या चौकशीत मी येऊन सगळं सांगतो. साहेबांना पेटी दाखवतो. तुम्ही अजिबात काळजी करू नका. बरं, ठेवतो."

एका दमात बोलला आणि पलीकडून शब्द यायच्या आत फोन बंद केला. कपाळावरचा घाम पुसला. डोक्यावरचं ओझं उतरावं तसा मोकळा श्वास घेतला.

"सांगितलं, सर."

सरांनी त्याच्याकडे पाहिलं.

"काय म्हणाल्या त्या?"